युरोपचं लस प्रमाणपत्र: कागद एक, प्रश्न तीन

आमच्या सोसायटीतले एक काका-काकू येत्या मे महिन्यात युरोपच्या सहलीला निघालेत. व्हिसाच्या अर्जाची फाइल दाखवायला ते घरी आले. पासपोर्ट, बँकेचं स्टेटमेंट, तिकिटांचं बुकिंग हे सगळं होतंच, शिवाय प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली कोविशील्डची दोन प्रमाणपत्रंही होती. "हे लागेलच ना? तिकडे एका देशातून दुसऱ्या देशात जाताना विचारतात म्हणे," काका म्हणाले.

त्यांना मी लगेच सांगितलं, नाही लागत. युरोपीय संघाचा कोविड प्रमाणपत्राचा कायदा ३० जून २०२३ ला संपला. आज शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसाला, किंवा फ्रान्समधून इटलीत जायला कोविडच्या लशीचा पुरावा द्यावा लागत नाही. प्रवास विमा मात्र लागतो, तोही किमान ३०,००० युरोंचा.

मग काकूंनी विचारलं, "पण तेव्हा आपली लस त्यांना का चालत नव्हती?" याचं उत्तर इतकं झटपट देता येत नाही. "युरोपनं कोविशील्ड नाकारली" ही २०२१ सालची बातमी पुष्कळांच्या मनात अजून रुतून आहे, आणि लस आपल्या पुण्यातली असल्यामुळे आपल्याला ती जास्तच लागली. प्रत्यक्षात काय घडलं होतं ते नीट समजून घेतलं, तर उद्या असाच कागद पुन्हा मागितला गेला तेव्हा आपला गोंधळ होणार नाही.

मार्कशीटसारखा विचार करा

दहावीनंतर मुलगा अकरावीच्या प्रवेशाला जातो, तेव्हा त्याच्या मार्कशीटबद्दल कॉलेजला तीन गोष्टी पाहायच्या असतात. पहिली, मार्कशीट खरी आहे का, की कुणी छापून आणली आहे? दुसरी, ज्या बोर्डाची आहे ते बोर्ड मान्यताप्राप्त आहे का? आणि तिसरी, या कॉलेजच्या कट-ऑफमध्ये मुलगा बसतो का? मार्कशीट अस्सल असेल, बोर्ड मान्य असेल, तरी कट-ऑफ हुकला तर प्रवेश नाही. आणि शेजारच्या कॉलेजात तीच मार्कशीट चालूनही जाते.

लस प्रमाणपत्राचं अगदी असंच होतं. दाखला खरा आहे का? त्यावरची लस मान्य आहे का? आणि ज्या देशात जायचंय त्याच्या आजच्या नियमात तुम्ही बसता का? हे तीन प्रश्न वेगवेगळे, त्यांची उत्तरं देणारेही वेगवेगळे. २०२१-२२ मधला जवळजवळ सगळा गोंधळ या तिघांची सरमिसळ केल्यामुळे झाला, असं माझं मत आहे.

मुळात अशा दाखल्याची गरज का पडली?

युरोपीय संघात २७ देश आहेत. त्यांतले बहुतेक, आणि शिवाय नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड, लिख्टेनश्टाइन हे संघाबाहेरचे देश, मिळून शेंगेन क्षेत्र होतं. या क्षेत्रात सीमेवर एरवी पासपोर्ट तपासत नाहीत. फ्रान्सच्या स्ट्रासबुर्ग शहरातून निघालेली ट्राम ऱ्हाइन नदीवरचा पूल ओलांडून जर्मनीच्या केल गावात जाते. माणसं एका देशात राहतात, दुसऱ्या देशात नोकरी करतात, संध्याकाळी घरी परततात. मार्च २०२० मध्ये कोविड पसरला आणि अशा सीमा पटापट बंद झाल्या.

कोल्हापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. २०२१ मध्ये निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर कर्नाटक सरकार महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल मागत होतं. कागलचा माणूस निपाणीला जाताना अडत होता. आता कल्पना करा, अशी २७ राज्यं आहेत, प्रत्येकाची भाषा वेगळी, प्रत्येक प्रयोगशाळेचा अहवाल वेगळ्या नमुन्याचा. ग्रीसच्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्यानं फिनिश भाषेतला कागद हातात घेऊन तो खरा की खोटा हे ठरवायचं कसं?

म्हणून १७ मार्च २०२१ रोजी युरोपीय आयोगानं, म्हणजे संघाचा कारभार चालवणाऱ्या यंत्रणेनं, सगळ्या देशांत चालेल अशा एकाच नमुन्याच्या दाखल्याचा प्रस्ताव मांडला. जूनच्या मध्यावर कायदा मंजूर झाला आणि १ जुलै २०२१ पासून लागू झाला. एरवी संथपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या कारभारात हे काम चार महिन्यांच्या आत उरकलं, याचं कौतुक करायलाच हवं.

दाखले तीन प्रकारचे होते, आणि हे आपल्याकडे फारसं कुणी सांगितलं नाही. एक लस घेतल्याचा. दुसरा चाचणी निगेटिव्ह आल्याचा. तिसरा कोविड होऊन बरं झाल्याचा, जो पहिल्या पॉझिटिव्ह चाचणीपासून १८० दिवस चालायचा. तिन्ही मोफत, मोबाइलवर किंवा साध्या कागदावर छापून. लशीच्या दाखल्यावर प्रवास करायचा तर शेवटच्या डोसनंतर १४ दिवस जावे लागत, कारण शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो.

पहिला प्रश्न: दाखला खरा कशावरून?

दाखल्यावर एक क्यूआर कोड असायचा, तो चौकोनी, ठिपक्याठिपक्यांचा. त्यात नाव, जन्मतारीख, कोणती लस, कितवा डोस, कधी घेतली, दाखला कुणी दिला एवढीच माहिती असे. पासपोर्ट नंबर नसे, म्हणून दाखल्यासोबत ओळखपत्र दाखवावं लागे. कोड फक्त त्यावरच्या माणसाचं सांगतो, समोर उभा आहे तो तोच माणूस आहे का हे ओळखपत्रावरून ठरतं.

या कोडमध्ये डिजिटल सही असायची. ती समजायला बँकेचं उदाहरण घेऊ. तुम्ही चेक लिहिता तेव्हा बँक तुम्हाला फोन करत नाही. तिच्याकडे तुमची नमुना सही ठेवलेली असते, चेकवरची सही तिच्याशी ताडून पाहते. युरोपनं हेच केलं. प्रत्येक देशानं आपापली नमुना सही लक्झेंबर्गमध्ये ठेवलेल्या एका सामाईक यंत्रणेत जमा केली, आणि तिथून ती सगळ्या देशांच्या तपासणी ॲपमध्ये पोचली. मग स्पेनमधला कर्मचारी पोलंडचा कोड स्कॅन करी, तेव्हा ॲप पोलंडच्या नमुन्याशी सही ताडून क्षणात हिरवं किंवा लाल दाखवी. पोलंडच्या आरोग्य खात्याला विचारायची गरजच नाही.

बँकेच्या सहीत एक कच्चा दुवा असतो. नमुना पाहिलेला माणूस ती गिरवू शकतो. डिजिटल सहीत तसं होत नाही, कारण तिथे दोन वेगळ्या किल्ल्या असतात. सही करण्याची किल्ली गुप्त, ती देशाच्या आरोग्य यंत्रणेच्या कुलुपात. सही ओळखण्याची किल्ली जगजाहीर, तिच्यानं फक्त तपासता येतं, सही करता येत नाही. मोहोर एकाच तिजोरीत, पण ठसा पारखायचं भिंग सगळ्यांच्या हातात, असं समजा. शिवाय सही सबंध मजकुरावर असते. नावातला एक काना बदलला तरी ती जुळत नाही.

"पण म्हणजे माझी आरोग्याची माहिती युरोपभर फिरली का?" अशी शंका तेव्हा पुष्कळांना होती, आणि ती रास्त होती. सामाईक यंत्रणेतून फक्त सह्या तपासायच्या किल्ल्या जात, माणसांची माहिती जात नसे. तपासणी करणाऱ्या देशानं दाखल्यातली माहिती साठवून ठेवू नये, असं कायद्यातच लिहिलं होतं.

तरीही ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एक प्रकार उघडकीला आला. ॲडॉल्फ हिटलरच्या नावाचे क्यूआर कोड इंटरनेटवर फिरू लागले, आणि स्कॅन केले तर तपासणी ॲप हिरवं दाखवत होतं. गुप्त किल्ली चोरीला गेली, अशी ओरड झाली. गुप्त किल्ल्या सुरक्षित असल्याचं युरोपीय आयोगानं सांगितलं. अडचण दाखले काढायच्या खिडकीवर होती, तिथे कुणीतरी खोटी माहिती भरून खरी सही उमटवून घेतली होती. तिजोरी कितीही भक्कम असली तरी मोहोर हाताळणारा माणूस प्रामाणिक लागतोच.

दुसरा प्रश्न: लस मान्य आहे का?

कायद्यानं सांगितलं की युरोपीय औषध संस्थेनं मंजूर केलेली लस सगळ्या सदस्य देशांनी स्वीकारलीच पाहिजे. अ‍ॅमस्टरडॅमला असलेली ही संस्था म्हणजे युरोपात औषधांना परवानगी देणारं कार्यालय. जुलै २०२१ मध्ये तिच्या यादीत चार लशी होत्या: फायझर-बायोएनटेक, मॉडर्ना, अ‍ॅस्ट्राझेनेका आणि यान्सेन. याखेरीज जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणीच्या वापरासाठी मान्य केलेल्या लशी स्वीकारायच्या की नाही, हे प्रत्येक देशानं आपलं आपण ठरवायचं.

कोविशील्ड दुसऱ्या गटात होती. तिचं सूत्र ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि अ‍ॅस्ट्राझेनेकाचं, तेच जे युरोपात वॅक्सझेव्रिया या नावानं दिलं जात होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १५ फेब्रुवारी २०२१ लाच तिला मान्यता दिली होती. मग युरोपच्या यादीत का नाही?

कारण लशीची परवानगी नुसत्या सूत्राला मिळत नाही, ती लस कुठे आणि कशी बनते यालाही मिळते. साध्या गोळ्यांच्या बाबतीत तेच रसायन तेवढंच घातलं की गोळी तीच. कोविशील्डसारखी लस मात्र जिवंत पेशींमध्ये वाढवून बनवतात. दह्याचा विचार करा. विरजण एकाच घरातून नेलं तरी दूध वेगळं, भांडं वेगळं, हवा वेगळी, की दही थोडं वेगळं लागतं. म्हणून औषध संस्था प्रत्येक कारखाना स्वतंत्रपणे पाहते, तिथली प्रक्रिया तपासते, मगच त्या कारखान्यातल्या मालाला परवानगी देते. सीरमच्या हडपसरच्या कारखान्यात बनलेल्या कोविशील्डसाठी युरोपात असा परवाना तेव्हा नव्हता, कारण ती लस युरोपात विकायची म्हणून पाठवलीच जात नव्हती. ती भारतासाठी आणि गरीब देशांसाठी होती. थोडक्यात, कुणी परीक्षेत नापास केलं नव्हतं, त्या परीक्षेला अर्जच गेला नव्हता.

हे कारण मला पटतं. तरी त्याचा परिणाम अन्यायाचा होता, हेही तितकंच खरं. आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या देशांना युरोपनं स्वतः पैसे घालून ज्या जागतिक योजनेतून लस पुरवली, तिच्यातला मोठा वाटा याच कोविशील्डचा होता. आपणच पोचवलेली लस घेऊन माणूस दारात आला, तर "ही आमच्या यादीत नाही" असं म्हणणं मनाला पटत नाही. आफ्रिकन संघानं तेव्हा याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली.

आणखी एक विचित्र गोष्ट घडली. हडपसरमध्ये बनलेले लाखो डोस ब्रिटननंही घेतले होते आणि आपल्या नागरिकांना टोचले होते. जुलै २०२१ मध्ये त्यांतले काही ब्रिटिश प्रवासी माल्टाला निघाले, तेव्हा त्यांच्या दाखल्यावरचा बॅच नंबर पाहून त्यांना विमानात चढू दिलं नाही. या प्रकाराचा गवगवा झाल्यावर काही दिवसांतच माल्टानं नियम बदलला.

भारतीयांसाठी दार लवकरच किलकिलं झालं. जुलै २०२१ सुरू होतानाच जर्मनी, ऑस्ट्रिया, स्पेन, ग्रीस, स्लोव्हेनिया या संघातल्या देशांनी, तसंच आइसलँड आणि स्वित्झर्लंडनं कोविशील्ड चालेल असं सांगितलं. एस्टोनियानं तर भारत सरकारनं मान्य केलेल्या सगळ्याच लशी स्वीकारल्या. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना बहुतेक ठिकाणी जास्त थांबावं लागलं, कारण तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ ला मिळाली.

सगळ्यात जास्त ओढाताण विद्यार्थ्यांची झाली. आपल्याकडे कोविशील्डच्या दोन डोसांत किमान ८४ दिवसांचं अंतर ठेवलेलं होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरला जर्मनीत वर्ग सुरू होणार, आणि दुसरा डोसच मिळत नाही, अशी स्थिती. शेवटी जून २०२१ मध्ये केंद्र सरकारनं परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस घ्यायची सवलत दिली आणि कोविनच्या प्रमाणपत्राला पासपोर्ट नंबर जोडायची सोय केली.

लस मान्य, पण कागद अमान्य

पहिला आणि दुसरा प्रश्न वेगळे का ठेवायचे, हे ब्रिटननं दाखवून दिलं. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात नव्हता, त्याचे नियम त्याचे स्वतःचे होते. २२ सप्टेंबर २०२१ रोजी त्यानं कोविशील्ड ही मान्य लस असल्याचं जाहीर केलं. पण भारताचं नाव मान्य देशांच्या यादीत घातलं नाही. म्हणजे बोर्ड मान्य, मार्कशीटवर विश्वास नाही. कोविनच्या प्रमाणपत्रावर तेव्हा पूर्ण जन्मतारीख नसे, आणि ब्रिटनला ती हवी होती. मग परदेशी जाणाऱ्यांसाठी कोविननं पूर्ण जन्मतारीख छापायची सोय केली. दोन्ही देशांत थोडी ताणाताणी झाली, भारतानंही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटनमधून येणाऱ्यांना दहा दिवस विलगीकरणात ठेवायचा नियम केला, आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटननं दोन डोस घेतलेल्या भारतीयांना आपल्याकडच्या विलगीकरणातून मोकळं केलं. लस या सगळ्या काळात तीच होती.

तिसरा प्रश्न: नियमात बसता का?

दाखला खरा, लस मान्य, तरी शेवटचा शब्द ज्या देशात जायचं त्याचा. डिसेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन पसरला तेव्हा पोर्तुगाल आणि इटलीनं दोन डोस घेतलेल्यांकडूनही चाचणी मागायला सुरुवात केली. दाखल्याच्या कायद्यात अशा वेळी जादा अटी घालायची मुभा होती.

मुदतीचा मुद्दा याच सुमारास आला. १ फेब्रुवारी २०२२ पासून संघातल्या प्रवासासाठी मूळ डोसांचा दाखला २७० दिवस चालेल असं ठरलं, आणि बूस्टर घेतला तर मुदतीची अट नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना पुढे या मुदतीतून वगळलं. २७० हा आकडा विज्ञानानं नेमका मोजून दिलेला नव्हता. सहा महिन्यांच्या सुमारास बूस्टर घ्यावा असा वैद्यकीय सल्ला होता, त्यात लोकांना तो घेता यावा म्हणून तीन महिन्यांची सवड मिळवली, एवढंच त्यामागचं गणित.

आणि हॉटेलात, सिनेमागृहात, कामाच्या ठिकाणी दाखला मागत होते तो वेगळाच विषय. प्रवासाचा कायदा संघाचा होता, पण इटलीचा ग्रीन पास किंवा फ्रान्सचा आरोग्य पास त्या त्या देशाच्या कायद्यानं चाले. इटलीत १५ ऑक्टोबर २०२१ पासून नोकरीवर जायलाही पास लागू लागला. कोड तोच, ॲप तेच, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की हे ब्रुसेल्सचंच, म्हणजे युरोपीय संघाचंच फर्मान आहे. तसं नव्हतं.

"लस घेऊनही कोविड होतोच, मग दाखला कशाला?"

या आक्षेपाला मी टोलवणार नाही. दाखल्यामागचा तर्क असा होता की लस घेतलेला माणूस रोग पसरवण्याची शक्यता बरीच कमी. २०२१ च्या उन्हाळ्यात तो तर्क टिकणारा होता. ओमिक्रॉननंतर तो फार कमकुवत झाला. लस गंभीर आजारापासून आणि मृत्यूपासून वाचवत राहिली, पण संसर्ग रोखायची तिची ताकद घटली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणीबाणी समितीनं जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं की परदेश प्रवासासाठी लशीचा पुरावा हा एकमेव मार्ग ठेवू नका. तरीही युरोपीय संघानं जून २०२२ मध्ये कायद्याची मुदत आणखी एका वर्षानं वाढवली. गरज पडली तर यंत्रणा तयार असावी, असं त्यामागे कारण दिलं गेलं. पण तोवर बहुतेक देशांनी दाखला मागणं थांबवलेलं होतं. मला ती मुदतवाढ अनावश्यक वाटली.

लस न घेणाऱ्याला घरात कोंडलं, असा आरोपही होतो. प्रवासापुरता तो बरोबर नाही, कारण चाचणीचा रस्ता कायम खुला होता. पण चाचणीला पैसे लागत आणि लस मोफत होती, हा फरक खरा होता. आयोगानं चाचण्या स्वस्त व्हाव्यात म्हणून १० कोटी युरो दिले, ते पुरेसे होते असं म्हणवत नाही.

आता काय उरलं?

यंत्रणा मात्र वाया गेली नाही. युरोपीय संघाबाहेरचे ५१ देश आणि प्रदेश तिला जोडले गेले होते. कायदा संपला त्याच वेळी, २०२३ च्या मध्यावर, जागतिक आरोग्य संघटनेनं नमुना सह्यांची हीच पद्धत आपल्या जागतिक जाळ्यासाठी उचलली. पुढे बाळाच्या लसीकरणाचं कार्डही परदेशात याच रीतीनं पडताळता यावं, असा त्यामागे विचार आहे.

माणसांसाठी लस दाखल्याचा जुना नियम आजही चालू आहे तो पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा. पिवळ्या पुस्तिकेतला तो दाखला डोसनंतर दहा दिवसांनी लागू होतो आणि २०१६ पासून जन्मभर चालतो. केनियाची सफारी करून परतणाऱ्यांकडे तो भारतातच, मुंबईच्या विमानतळावर मागतात. काका-काकूंच्या पॅरिस-रोम सहलीशी त्याचा संबंध नाही.

युरोपातल्या देशांमध्ये ये-जा करताना लशीचा दाखला आज कुणाला लागत असेल, तर तो कुत्र्या-मांजरांना. कातडीखाली मायक्रोचिप, त्यानंतर रेबीजची लस, पहिल्या लशीनंतर २१ दिवसांची थांबणूक, आणि हे सगळं नोंदवलेला निळा पासपोर्ट. प्रश्न तेच तीन आहेत. चिप प्राणी तोच असल्याचं सांगते, लस मान्य लागते, आणि फिनलंड किंवा आयर्लंडसारखे देश वर फीतकृमीच्या औषधाची अटही घालतात.

पुण्याहून जर्मनीला बिऱ्हाड हलवणाऱ्यांनी हे आधीच डोक्यात ठेवावं. भारतातून नेणाऱ्या कुत्र्याची लस झाल्यावर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घ्यावा लागतो, तो युरोपीय संघानं मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासून रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं पुरेशी आहेत हे दाखवावं लागतं, आणि नमुना घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबावं लागतं. म्हणजे नोकरीचं पत्र हातात येताच, तिकीट काढायच्याही आधी, पशुवैद्याकडे जायचं. चार महिने तरी हातात हवेत.